कुंभदत्ताच्या आढ्यातली खार

पूर्वी, कुसुंभपुरावर महासेन राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व घरे शाकारणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. राजा चांगला होता; पण या गोष्टीत त्याला काही काम नाही, म्हणून त्याला सिंहासनावर सुखाने बसू द्यावे आणि आपण छपराकडे वळावे.

बोधिसत्त्वाचे त्या जन्मीचे नाव पर्णक. गवताच्या पेंढ्या उचलता उचलता त्याचे केस पांढरे झाले होते. चाळीस वर्षांत त्याने शाकारलेल्या एकाही छपरातून एकही थेंब आत आला नव्हता, त्यामुळे नगरात त्याला ‘बिनथेंबी पर्णक’ म्हणत. खरे सांगायचे तर हे नाव कानावर आले की त्याला बरे वाटे. बोधिसत्त्व झाला तरी कारागीर तो कारागीरच.

त्याला एक खोड होती. काम घेतले की पहिला अर्धा दिवस तो आढ्यावर नुसता बसून राही. छपराचे दोन्ही उतार जिथे वर एकमेकांना मिळतात, त्या कण्याला आढे म्हणतात. तिथे बसून छपरात कोण जाते, कोण बाहेर येते, कोणाची पिल्ले आत आहेत, हे तो पाही. आत कोणी राहत असेल तर ते निघून गेल्यावरच तो पहिली पेंढी लावी. लोक थट्टा करीत. “पर्णकाला बोलावलंत ना? मग घोंगडी वर पाठवा, तो आधी बसणार,” असे म्हणत. पर्णक हसे आणि बसे.

त्याच नगरात कुंभदत्त नावाचा तिळाच्या तेलाचा मोठा व्यापारी होता. माणूस मनाने वाईट नव्हता, पण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तेल हाच उपाय, अशी त्याची समजूत होती. दार कुरकुरले की तेल, मूल रडले की तेल, शेजाऱ्याशी भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी बुधलाभर तेल. त्याच्या एकुलत्या एक मुलीचे, चंपिकेचे, लग्न पलीकडच्या गावातल्या सुबाहूशी ठरले होते. चंपिकेला सुबाहू मनापासून आवडला होता आणि ते तिने घरात कोणापासून लपवलेही नव्हते.

त्या मुलखात लग्नाच्या बाबतीत एक रीत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी नवऱ्या मुलाचा मामा मुलीच्या घरी येई. मुलगी घरात आढ्याखाली पाटावर बसे. मामा शिडीने वर चढून आढ्यावर सात घागरी पाणी ओती. खाली पाटावर थेंब पडला तर सोयरीक मोडे. ही रीत कोणी घातली आणि का, ते कोणाला आठवत नव्हते. पण गळक्या घरची लेक करू नये, असे सगळे गंभीर चेहऱ्याने म्हणत आणि लग्नाआधी छप्पर नीट करून घेत.

आणि नेमके त्याच वर्षी, चैत्रात, एका खारीने कुंभदत्ताच्या आढ्यात घर केले.

अंगणातल्या जांभळाची एक फांदी छपरावर आली होती. तिच्यावरून खार ये-जा करी. तिने आढ्यातले गवत उपसून भोक पाडले आणि घरातले जे जे मऊ ते ते आत नेले. गादीतला कापूस नेला, देव्हाऱ्यातली वात नेली, चंपिकेच्या लग्नाच्या पिवळ्या शालीच्या दशांचे धागे नेले. कुंभदत्ताला हे कळले तेव्हा त्याने साहजिकच तेल काढले. आढ्याला आणि फांदीला त्याने घागरभर तेल चोपडले, म्हणजे खार घसरून पडेल. खारीने तेल चाटून पाहिले. तिला ते आवडले. चार दिवसांत ती गुबगुबीत झाली आणि नात्यातल्या आणखी पाच खारी तेल चाखायला येऊ लागल्या. मग कुंभदत्ताने एका घाईच्या कारागिराकडून भोक चिखलाने लिंपून घेतले. खार त्या वेळी बाहेर होती. परत आली, दार बंद पाहिले आणि शेजारीच तिने पहिल्याच्या दुप्पट भोक पाडले. शेजारी म्हणाले, “तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.” लग्नाला सात दिवस राहिले तेव्हा कुंभदत्ताने पर्णकाला बोलावणे धाडले.

पर्णक आला, आढ्यावर चढला आणि बसला.

दुपारी तो खाली उतरला. कुंभदत्त शिडीपाशीच उभा होता.

“झालं का बसून?” त्याने विचारले. “आता लावा पेंढ्या.”

“शेठजी, आत तीन पिल्लं आहेत,” पर्णक म्हणाला. “डोळेसुद्धा उघडलेले नाहीत. स्वतःच्या पायांनी बाहेर पडायला त्यांना महिना लागेल.”

“महिना? अहो, सातव्या दिवशी लग्न आहे. काढा ती हाताने आणि ठेवा झाडावर.”

“आपण नेली तर तिच्या लेखी ती चोरीला गेली. मग ती शोधायला सगळं छप्पर उसवेल. भोक बुजवलं तर पिल्लं आत मरतील आणि ती बाहेरून उसवेल. तिची तिने नेली, तरच ती इथून जाईल आणि परत येणार नाही.”

“आणि ती कशाला नेईल?”

“इथलं घर थोडं गैरसोयीचं झालं आणि जवळच बरं घर दिसलं, तर नेईल. माणसंही असंच करतात.”

“पर्णका, माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू मला खारीचा संसार सांगतोस?”

“उतावळा नवरा ऐकला होता,” पर्णक म्हणाला, “उतावळा सासरा आज पाहिला.” कुंभदत्ताला हसू आले आणि हसू आले याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी पर्णकाने एक मोठा सुकलेला तुंबा आणला. भोपळा पोखरून वाळवला की जो हलका, टणक घट होतो, तो. त्याच्या कुशीला खार शिरेल एवढे भोक पाडले, आत सावरीचा नवाकोरा कापूस भरला आणि तो जांभळाच्या दूरच्या, दाट पानांतल्या फांदीला घट्ट बांधला. मग आढ्यावर जाऊन त्याने घरट्यावरच्या दोन पेंढ्या हलकेच काढल्या. घरट्यात उजेड पडला. पिल्ले वळवळली आणि आईच्या पोटाखाली शिरली.

खारीने तुंब्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उजेड येतो म्हटल्यावर ती खाली गेली आणि कुंभदत्ताचे वाळत घातलेले लंगोट ओढून आणून तिने घरट्यावर पांघरले. गल्लीतली पोरेबाळे हसून हसून लोळली. तो दिवस गेला, तिसराही गेला.

चौथ्या दिवशी सकाळी कुंभदत्त स्वतः शिडी चढून वर आला. त्याच्या डोळ्यांखाली काळे झाले होते.

“एक सांग,” तो म्हणाला, “आज आढं बंद केलंस तर?”

पर्णक खोटे बोलत नसे. “आज बंद केलं तर पेंढ्यांना दोन उन्हं मिळतील. त्या एकमेकींत घट्ट बसतील. सात काय, सत्तर घागरी ओता, थेंब येणार नाही. परवा दुपारी बंद केलं तर मला खात्री देता येणार नाही. नव्या आढ्यातून एखादा थेंब येऊ शकतो.”

“एका थेंबानं माझ्या पोरीचं लग्न मोडेल.”

“ठाऊक आहे मला.”

“आणि तुझं नाव? चाळीस वर्षांचं?”

पर्णक हातातल्या सुंभाला उगाच पीळ देत राहिला. त्यालाही ते रात्रभर बोचत होते, आणि ते बोचते याचे त्याला वाईट वाटत होते.

“ऐक,” कुंभदत्त हळू आवाजात म्हणाला. “माझी सात कोठारं आहेत. सातांची छपरं यंदापासून तू शाकारायची. तुझ्या म्हातारपणी तुला दुसरीकडे शिडी लावावी लागणार नाही. फक्त आज हे बंद कर. तीन पिल्लं तर आहेत, बोटाएवढी.”

पर्णकाने आढ्यातल्या भोकाकडे पाहिले. “शेठजी, छप्पर कशासाठी असतं? आतल्या जिवाला ऊनपाऊस लागू नये म्हणून. आतल्या जिवावरच ते बंद करायचं, तर मी आजवर काय शिकलो? मला नाही जमणार. दुसऱ्या कोणाला बोलवा. मी शिडी धरून उभा राहणार नाही, एवढंच.”

कुंभदत्ताने खरोखरच दुसऱ्या कारागिराला बोलावले असते. पण शिडीच्या मधल्या पायरीवर चंपिका उभी होती. बाप आणि कारागीर काय बोलतात ते ऐकायला ती चढली होती, आणि ऐकून झाल्यावर तिने आणखी दोन पायऱ्या चढून भोकात डोकावले. तिच्या शालीच्या पिवळ्या धाग्यांत तीन गुलाबी जीव एकमेकांना चिकटून झोपले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “पाटावर मी बसणार आहे. यांना वर कोंडून मला खाली बसवणार नाही. थांबू या.”

“आणि थेंब पडला तर?”

चंपिकेचा चेहरा उतरला. सुबाहूचे गाव, तिथली नदी, त्याचे हसणे, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले असावे. “पडला तर पडला,” ती म्हणाली, आणि खाली जाऊन धान्याच्या खोलीत बसून तिने पोटभर रडून घेतले. पण बोललेले मागे घेतले नाही.

कुंभदत्ताने त्या दिवशी कोणाशीही भांडण नसताना शेजाऱ्याला बुधलाभर तेल पाठवून दिले.

पर्णक मात्र विचार करीत बसला. आपले काय चुकले? तुंबा चांगला, कापूस चांगला, जागा चांगली. मग त्याच्या लक्षात आले की त्या नव्याकोऱ्या घराला खारीच्या लेखी कोणाचाच वास नव्हता. आपण तिला घर दिले, पण तिचे असे त्यात काहीच ठेवले नाही. खार चरायला गेल्यावर त्याने घरट्याच्या कडेचे थोडे पिवळे धागे, थोडा जुना कापूस आणि कुंभदत्ताच्या लंगोटाची चिंधी काढून तुंब्यात नेऊन ठेवली. कापसाचा वरचा नवा थर काढून टाकला.

पाचव्या दिवशी सकाळी खार तुंब्यापाशी गेली. हुंगले. आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. संध्याकाळी तिने पहिले पिल्लू तोंडात धरून नेले. पिल्लाने आपले अंग तिच्या गळ्याभोवती गुंडाळून घेतले होते. गल्लीतली माणसे कामे टाकून बघत उभी राहिली. कुंभदत्त सगळ्यांत पुढे होता आणि पिल्लू आत गेल्यावर त्यानेच पहिल्यांदा टाळी वाजवली.

सहाव्या दिवशी, म्हणजे घागरींच्या दिवशी, सकाळी दुसरे पिल्लू गेले. मग खार दोन्ही पिल्लांना पाजत तुंब्यातच बसून राहिली. तिला काय घाई? आणि दुपारी सुबाहूचा मामा वज्रनाभ दारात येऊन ठेपला.

वज्रनाभ पाच हात उंच दिसे, कारण त्यातला हातभर त्याचे पागोटे होते. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी त्याची ख्याती होती. बारा सोयरिकींत त्याने घागरी ओतल्या होत्या आणि त्यातल्या चार मोडल्या होत्या. त्याने पाणी प्यायले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पहिली घागर खांद्यावर घेऊन तो शिडी चढला.

आढ्यावर पर्णक बसला होता. शेजारी तयार पेंढ्या, सुंभ आणि कोयता.

“मामा, जरा थांबावं लागेल,” पर्णक म्हणाला. “आढं उघडं आहे.”

“उघडं?” वज्रनाभाच्या भुवया पागोट्यात शिरल्या. “मग मी ओतायचं काय आणि बघायचं काय?”

“आत खारीचं एक पिल्लू राहिलंय. ती येऊन घेऊन जाईल. मग मी तुमच्यासमोर बंद करतो.”

“खारीसाठी घागर थांबवलेली मी ऐकली नाही,” वज्रनाभ म्हणाला. पण माणूस चौकस होता. तो पुढे सरकून आढ्यावर वाकला आणि भोकात बघू लागला.

नेमकी तेव्हाच खार फांदीवरून आली. तिच्या वाटेत आज एक मोठे पागोटे होते. तिने फार विचार केला नाही. ती पागोट्यावर उतरली, तिथून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर आणि दंडावरून भोकात गेली. क्षणभराने तोंडात पिल्लू घेऊन त्याच वाटेने वर आली आणि वज्रनाभाच्या खांद्यावर, थेट मानेपाशी, दम खायला बसली.

“मामा,” पर्णक अगदी हळू म्हणाला, “आता हलू नका.”

वज्रनाभ हलला नाही. एका खांद्यावर भरलेली घागर, दुसऱ्यावर लेकुरवाळी खार, वर ऊन आणि खाली सगळी गल्ली तोंडे वर करून उभी. खारीची छाती त्याच्या मानेला लागून धडधडत होती आणि ती धडधड त्याला आपल्याच अंगातली वाटू लागली. घागरीतले पाणी जराही डुचमळले नाही. मग खारीने झेप घेतली, फांदी धरली आणि पानांत दिसेनाशी झाली.

बराच वेळ गेला.

“गेली का?” वज्रनाभाने विचारले.

“मघाशीच गेली.”

“मग हलू?”

“हला.”

पर्णकाने लगेच छपरावर आलेली फांदी चार हात मागून तोडली, म्हणजे खारीची उडी आता पोचणार नव्हती. मग तो आढे बंद करू लागला. वज्रनाभाने घागर खाली ठेवली आणि कोणी न सांगता एकेक पेंढी उचलून त्याच्या हातात देऊ लागला. पर्णकाने चाळीस वर्षांतली सगळी विद्या त्या हातभर जागेत ओतली. पण ऊन मात्र त्याला पेंढ्यांना देता येणार नव्हते.

चंपिका पाटावर बसली. कुंभदत्त तिच्यासमोर, हात जोडून. वरून पाण्याचा आवाज येऊ लागला. एक घागर, दोन घागरी. वळचणीवरून पाण्याच्या धारा अंगणात पडू लागल्या. सहा घागरींपर्यंत आत सगळे कोरडे होते आणि कुंभदत्ताच्या चेहऱ्यावर रंग परतू लागला होता. सातव्या घागरीला आढ्याच्या पोटाशी काहीतरी चमकले, लांब झाले, आणि पाटाच्या कोपऱ्यावर एक थेंब पडला.

कुंभदत्ताने क्षणाचाही विचार न करता त्यावर आपले उपरणे टाकले.

“काय शेठजी, कोरडं ना?” वरून वज्रनाभाने विचारले.

कुंभदत्ताने तोंड उघडले. बाहेर गल्ली थांबली होती. चंपिकेने बापाकडे पाहिले, तिला त्याची फार माया आली. मग तिने उपरणे बाजूला केले.

“नाही, मामा,” ती म्हणाली. “एक थेंब पडला.”

वर रिकामी घागर टेकवल्याचा आवाज झाला. मग पर्णकाचा आवाज आला. “थेंब माझा आहे, शेठजींचा नाही. पेंढ्यांना दोन उन्हं लागतात, मी एकही मिळू दिलं नाही. मुलीला बोल लावू नका.”

वज्रनाभ शिडी उतरून आत आला. पाटापाशी उकिडवा बसून त्याने तो थेंब बराच वेळ पाहिला.

“मी बारा घरांवर पाणी ओतलं,” तो म्हणाला. “बाराही घरांतून मला ‘कोरडं’ असंच ऐकू आलं. खाली उतरलो तेव्हा चार घरांत पाट नुकताच पुसलेला होता. त्या चार सोयरिकी मी मोडल्या. लोक म्हणाले, वज्रनाभानं थेंबासाठी पोरींची लग्नं मोडली. माझ्या आजोबांनी मला घागर उचलायला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, छप्पर बघायला चढायचं नाही. छप्पर कोणाचंही कधीतरी गळतं. गळलं की घरातली माणसं काय बोलतात, ते ऐकायला चढायचं.”

तो उठला आणि चंपिकेच्या डोक्यावर त्याने हात ठेवला. “पोरी, हे मला तेराव्या घरात ऐकायला मिळालं. उद्या आम्ही वेळेवर येतो.”

मग कुंभदत्ताकडे वळून म्हणाला, “शेठजी, तुमचं उपरणं ओलं झालंय. लग्नात दुसरं घाला.”

कुंभदत्त खाली मान घालून रडला आणि मग मान वर करून इतका हसला की गल्लीने पुढचे काही विचारलेच नाही. लग्न थाटात झाले. चंपिकेने दशा तुटलेलीच पिवळी शाल पांघरली आणि सुबाहूने तिला त्याचे कारण विचारले, तेव्हा तिने ते सांगितले. सांगायला तिला सगळी संध्याकाळ लागली.

कुंभदत्ताने सातही कोठारांचे काम पर्णकाला दिले, आणि प्रत्येक कोठारावर आधी अर्धा दिवस बसायचे, अशी अट स्वतःच घातली. नगरात पर्णकाला लोक ‘एकथेंबी’ म्हणू लागले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याला किंचित टोचले, मग टोचेनासे झाले. त्या वर्षापासून कुसुंभपुरात चैत्र लागला की लोक आधी छपरावर आलेल्या फांद्या छाटत, दूरच्या झाडांवर तुंबे बांधत, आणि मगच शाकारणीला हात घालत.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, एका विहारात सांगितली. वर्षावासापूर्वी भिक्षू कुट्या शाकारत होते आणि त्यांच्यातला एक जण खारीच्या भोकासमोर चिखलाचा गोळा घेऊन शिडीवर उभा होता. शास्ता म्हणाला, “भिक्षूंनो, तेव्हाचा कुंभदत्त म्हणजे हा शिडीवरचा आपला भाऊ, घाई त्याला जुनीच आहे. तेव्हाचा वज्रनाभ म्हणजे दाराशी बसून येणाऱ्याला दहा प्रश्न विचारणारा आपला वृद्ध द्वारपाल. चंपिका म्हणजे ती उपासिका, जिने काल मला सांगितलं की भिक्षेतला भात करपला आहे आणि तो तिच्याकडूनच करपला. खार म्हणजे तीन मुलांना घेऊन रोज कथेला येणारी ती कुंभारीण. आणि पर्णक म्हणजे मी स्वतः.”

मग तो म्हणाला, “दया येते ती एका क्षणात. पण तिचे काम पुरे होईपर्यंत, आपले नाव गेले तरी, थांबून राहावे लागते. त्या थांबण्याला क्षांती म्हणतात.”

भिक्षू शिडीवरून उतरला, चिखलाचा गोळा त्याने खाली ठेवला आणि तो कुटीच्या आढ्यावर जाऊन बसला.